वाटाणा, भुंगेरा आणि बोंडअळी

दादासाहेब फाळके म्हटले की आपल्याला ‘राजा हरिश्चंद्र’ आठवतो. ३ मे १९१३ रोजी तो मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात लागला, हे शाळकरी मुलांनाही पाठ असते. त्याच्या आदल्या वर्षी फाळक्यांनी केलेले एक काम मात्र चरित्रातल्या एखाद्या रंजक प्रसंगापुरते उरले आहे. लंडनहून विल्यमसन कॅमेरा घेऊन ते परतले तेव्हा यंत्र होते, विद्या होती, पैसा नव्हता. या नव्या उद्योगाला कर्ज द्यायला कोणी धजेना. तेव्हा त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा त्याच्यासमोर पक्का बसवला आणि महिनाभराहून जास्त काळ थोड्या थोड्या वेळाने एकेक फ्रेम टिपत राहिले. कोंब फुटला, पाने आली, वेल वर चढली, आणि महिन्याभराचे ते सगळे जगणे पडद्यावर मिनिटभरात उलगडले. ‘अंकुराची वाढ’ या नावाने ओळखला जाणारा हा लघुपट पाहून यशवंतराव नाडकर्णी कर्ज द्यायला राजी झाले. पत्नी सरस्वतीबाईंनी दागिने पुढे केले आणि हरिश्चंद्राची तयारी सुरू झाली.

माझे म्हणणे असे आहे की आपल्या सिनेमाचा उगम शोधायचा तर हरिश्चंद्राच्या राजवाड्याआधी या कुंडीपाशी थांबले पाहिजे. आपण थांबलो नाही. फाळक्यांना आपण पौराणिक चित्रपटांचे जनक म्हणून डोक्यावर घेतले आणि त्यांच्यातला कारागीर बाजूला ठेवला. त्यामुळे एकेक फ्रेम हाताने घडवण्याची, म्हणजे ज्याला जग स्टॉप मोशन म्हणते त्या कामाची, परंपरा आपल्याकडे नीट रुजलीच नाही. ही उणीव मला चित्रपटसृष्टीपेक्षा शिक्षणात जास्त जाणवते, आणि वर्धा जिल्ह्यात राहणाऱ्याला तर ती अधिकच टोचायला हवी.

आधी कामाचे स्वरूप पाहू. मूकपटाच्या काळी सेकंदाला साधारण १६ फ्रेम धरत. मिनिटभराच्या चित्रपटाला ९६० लागतात. नेहमीच्या चित्रणात हात कॅमेऱ्याचा दांडा फिरवतो आणि समोरचे जग आपल्या गतीने चालत राहते. वाटाण्याच्या चित्रणात ही सलगता तुटली. दोन फ्रेमच्या मध्ये बराच वेळ गेला आणि त्या वेळात रोप आपले आपण वाढले. याच्या पुढची पायरी म्हणजे मधल्या वेळात माणसाने स्वतः वस्तू हलवायची. तीही फाळक्यांनी लवकरच चढली. पहिले महायुद्ध सुरू झाले, लंडनहून मिळू पाहणारी मदत आटली, इथल्या भांडवलदारांनी हात आखडता घेतला. मोठा चित्रपट काढणे अवघड होऊन बसले. त्या अडचणीच्या दिवसांत, १९१५ च्या सुमारास, ‘आगकाड्यांची मौज’ आणि ‘लक्ष्मीचा गालिचा’ असे लघुपट त्यांनी काढले. एकात आगपेटीतल्या काड्या चालू लागतात, दुसऱ्यात नाणी. नट नाहीत, पोशाख नाहीत, राजवाडा नाही. एक टेबल, एक कॅमेरा आणि न थकणारा हात. फ्रान्समध्ये एमिल कोल याने १९०८ मध्ये काड्यांचा असा खेळ केला होता, तेव्हा कल्पना जगात नवी नव्हती. पण इथे ती पैसा संपल्यावर कामी आली, आणि मला ती गोष्ट महत्त्वाची वाटते. हातात काहीच नसताना करता येण्यासारखा सिनेमा कोणता, याचे उत्तर फाळक्यांनी काड्यांनी दिले होते. हे लघुपट काळाच्या ओघात टिकले नाहीत. नाव आणि वर्णन उरले, म्हणून त्यांची आठवणही पुसट झाली.

फाळके कुंडीत वाटाणा वाढवत होते त्याच १९१२ साली मॉस्कोत व्लादिस्लाव स्टारेविच नावाचा पोलिश वंशाचा माणूस मेलेल्या किड्यांना नट बनवत होता. स्टारेविच हा मुळात कीटकांचा नाद असलेला, लिथुआनियातल्या कौनास इथल्या निसर्ग-संग्रहालयात काम करणारा. शिंगाळ भुंगेऱ्यांची झुंज त्याला चित्रित करायची होती. पण दिव्यांच्या प्रखर उजेडात भुंगेरे हालचालच करीनात. मग त्याने मेलेल्या भुंगेऱ्यांचे पाय काढून तिथे मेणाने तार बसवली, आणि एकेक फ्रेम घेत त्यांना हवे तसे वळवले. १९१० चा तो प्रयोग जमला आणि त्यातून बाहुलीपटांची एक सबंध वाट निघाली. १९१२ च्या ‘कॅमेरामनचा सूड’ मध्ये भुंगेरा-भुंगेरीचा संसार आहे, व्यभिचार आहे, आणि तो चोरून टिपणारा नाकतोडाही आहे. लंडनच्या एका वार्ताहराला हे किडे शिकवून तयार केलेले जिवंत किडेच वाटले होते, असे सांगतात.

दोघांत मला एक घट्ट नाते दिसते. दोघेही निसर्गाकडे पाहायला बसले होते. फाळक्यांना डोळ्याला न दिसण्याइतकी मंद वाढ दाखवायची होती. स्टारेविचला दिव्यापुढे घडायला तयार नसलेली झुंज. एकाने निसर्गाला वेळ दिला, दुसऱ्याने निसर्गाची बाहुली केली. ‘असे घडते तरी कसे’ हा निरीक्षकाचा प्रश्न दोघांच्याही मुळाशी आहे. चमत्कार मागाहून आला. बाहुलीपट म्हणजे पोरांना रिझवण्याचे साधन अशी आपल्याकडची समजूत या मुळाकडे पाहिले की टिकत नाही.

कॅनडात काम केलेल्या चलच्चित्रकार नॉर्मन मॅक्लारेनने फार नेमकेपणाने सांगून ठेवले आहे की अशा चित्रपटात प्रत्येक फ्रेमवर काय आहे यापेक्षा दोन फ्रेमच्या मध्ये काय घडते ते अधिक मोलाचे. मला हे या कलेचे सार वाटते. साध्या चित्रणात ती मधली जागा यंत्राच्या मालकीची असते. स्टॉप मोशनमध्ये ती माणसाच्या मालकीची होते. दर वेळी तिथे थांबून ठरवावे लागते: पाय किती उचलू, मान किती वळवू, वजन कोणत्या अंगावर टाकू. चालणे म्हणजे काय हे ज्याने कधी मनात तोडून पाहिले नाही, त्याची बाहुली चालत नाही, घसरते. विचार कच्चा राहिला तर पडदा लगेच सांगतो.

आणि हात लपत नाही. १९३३ च्या ‘किंग काँग’ मधला तो अजस्र वानर बहुतेक प्रसंगांत दीडेक फूट उंचीची बाहुली आहे. आत धातूचा सांगाडा, वर रबर आणि सशाची लव. मार्सेल डेलगाडोने ती घडवली, विलिस ओब्रायनने हलवली. प्रत्येक फ्रेमसाठी बाहुलीला हात लावावा लागे आणि बोटांनी लव विस्कटे. त्यामुळे पडद्यावर काँगच्या अंगावरचे केस सारखे थरथरताना दिसतात. पाहणाऱ्यांना तो त्याचा राग वाटला. तांत्रिकदृष्ट्या हा दोषच. पण जवळजवळ शतकानंतरही ती थरथर पाहताना इथे एक माणूस उभा होता आणि त्याने या प्राण्याला हजारो वेळा स्पर्श केला, हे कळत राहते. हा चित्रपट १३ व्या वर्षी पाहून रे हॅरीहाउसेन झपाटला आणि पुढे १९६३ च्या ‘जेसन अँड द अर्गोनॉट्स’ मध्ये त्याने तीन माणसांशी लढणारे सात सांगाडे उभे केले. पडद्यावरच्या काही मिनिटांच्या त्या झुंजीला चार महिन्यांहून अधिक काळ लागला.

पाहणाऱ्याच्या बाजूनेही विचार करू. चेक कलावंत यिर्झी त्रन्का याच्या बाहुल्यांचे चेहरे बदलत नाहीत. भाव बदलायचा तर तो प्रकाश बदलतो, मान झुकवतो, चौकट बदलतो. बाकीचे काम प्रेक्षकाच्या मनावर सोपवतो. त्याच्या १९६५ च्या ‘हात’ मध्ये कुंड्या घडवणाऱ्या एका कुंभाराच्या घरात एक प्रचंड हात शिरतो आणि त्याने केवळ हाताचेच पुतळे घडवावेत म्हणून त्याच्यामागे लागतो. कुंभाराचा चेहरा शेवटपर्यंत तसाच राहतो, तरी त्याची भीती, हट्ट, थकवा सगळे आपल्याला दिसते. तिथल्या कम्युनिस्ट राजवटीला चित्रपटाचा अर्थ बरोबर कळला. त्रन्काच्या मृत्यूनंतर त्यावर बंदी आली.

न बदलणाऱ्या चेहऱ्यात जीव पाहणे वर्ध्याच्या लेकरांना शिकवावे लागत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो. सिंदी रेल्वेचा तान्हा पोळा तर सगळ्या विदर्भात नावाजलेला. सुताराने घडवलेला लाकडी नंदी, खाली चाके, अंगावर झूल, शिंगांना बेगड. त्याचे पाय हलत नाहीत, डोळे मिटत नाहीत. तरी तो ओढत नेणारे पोर त्याला पाणी दाखवते, त्याची पूजा करवते आणि दारोदार बोजारा (खाऊ-पैसे) मागताना तो दमला म्हणून थांबतेही. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी १८९२ च्या सुमारास ‘शांबरिक खरोलिका’ दाखवायला सुरुवात केली, तेव्हा काचेवर रंगवलेली चित्रे दिव्यापुढे पटापट सरकवून त्यांनी लोकांना चित्रातल्या माणसांची हालचाल दाखवली. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीचे ठाकर कलावंत कळसूत्री आणि चामड्याच्या बाहुल्या आजही नाचवतात. म्हणजे निर्जीवात जीव ओतण्याची हौस, कसब आणि ते पाहणारा प्रेक्षक, तिन्ही गोष्टी इथे होत्या. कॅमेऱ्याशी त्यांची गाठ फाळक्यांनी घालून दिली आणि ती पुढे सुटली. १९३४ मध्ये प्रभात फिल्म कंपनीने ‘जंबूकाका’ काढला, पण तो रेखाटलेल्या चित्रांचा. लाकूड, माती, चिंध्या यांची बाहुली कॅमेऱ्यापुढे फार क्वचित आली.

ती का सुटली याचे एक कारण व्यापारी आहे आणि ते उघड आहे: वेळ फार लागतो, परतावा कमी. दुसरे कारण वैचारिक आहे आणि त्याचा एक धागा वर्ध्यापर्यंत येतो. १९२७ मध्ये सरकारने चित्रपटव्यवसायाच्या चौकशीसाठी दिवाणबहादूर रंगाचारी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिने गांधीजींना प्रश्नावली पाठवली. त्यांनी थोडक्यात कळवले की आपण कधी सिनेमाला गेलो नाही, पण बाहेरच्या माणसालाही त्याने केलेले नुकसान दिसते. त्याच समितीपुढे फाळक्यांचीही साक्ष झाली. त्यांची तक्रार वेगळी होती: आपल्या चित्रपटांत तंत्र कच्चे, अभिनय कच्चा, छायाचित्रण वाईट. एकाला सिनेमा नको होता, दुसऱ्याला तो नीट शिकून केलेला हवा होता. दोन्ही उत्तरे एकाच अहवालाच्या कागदपत्रांत पडून राहिली. एकाने दुसऱ्याशी बोलावे असे कोणाला वाटले नाही.

पुढे गांधीजी वर्ध्याला आले, १९३६ मध्ये सेवाग्रामला स्थिरावले. सिनेमाविषयीचे त्यांचे मत तसेच राहिले, इतके की १९३९ मध्ये ख्वाजा अहमद अब्बास यांनी ‘फिल्मइंडिया’ मासिकातून त्यांना उघड पत्र लिहून फेरविचाराची विनंती केली. १९४४ मध्ये जुहूला त्यांनी विजय भट्टांचा ‘रामराज्य’ पाहिला, पण त्याने भूमिका बदलली नाही. गांधीजींचा आक्षेप मी हलका मानत नाही. अंधारात बसून दुसऱ्याने शिजवलेले स्वप्न गिळायचे, स्वतः काही करायचे नाही, यातला धोका त्यांनी ओळखला होता. आज प्रत्येकाच्या तळहातावर पडदा असताना तो आक्षेप अधिकच खरा ठरतो.

पण याच वर्ध्यात २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि नई तालीम जन्माला आली. झाकीर हुसेन समितीने तिचा आराखडा केला, आर्यनायकम दांपत्याने सेवाग्रामात ती उभी केली. मुलाने हाताने काही उपयोगाचे घडवावे आणि त्या कामातून गणित, विज्ञान, भाषा, समाज हे सगळे शिकावे, हा तिचा गाभा. तिच्या परिभाषेत याला समवाय म्हणत. वर्ध्यातच १९३८ मध्ये उघडलेल्या मगन संग्रहालयात चरखे, घाणे, माग ठेवले गेले, कारण यंत्राचा प्रश्न तिथे सरळ धरला होता: यंत्र माणसाच्या हाताला काम देते की हातातून काम काढून घेते?

हा प्रश्न कॅमेऱ्याला लावून पाहा. फाळक्यांच्या घरात सरस्वतीबाई रात्री अंधारात कोऱ्या फिल्मच्या कडांना भोके पाडत, रसायने तयार करत, फिल्म धूत, चित्रणाच्या वेळी उजेड परतवायला पांढऱ्या चादरी धरून उभ्या राहत. फाळक्यांनी ‘नवयुग’ मासिकातल्या लेखांत आपला धंदा स्वदेशी आहे हे आग्रहाने मांडले होते. तो सिनेमा घरगुती उद्योग म्हणून सुरू झाला होता, आणि त्यातला स्टॉप मोशन हा भाग आजही तसा करता येतो. एक माणूस किंवा एक वर्ग, एक टेबल, घरात सापडणाऱ्या वस्तू. तिथे प्रेक्षक होण्याआधी कर्ता व्हावे लागते. गांधीजींचा आक्षेप सिनेमाच्या ज्या रूपाला होता, त्यात हे रूप बसत नाही. सेवाग्राम आणि फाळक्यांचे दादर यांच्यात ही एक वाट मोकळी होती. ती चालली गेली नाही, याची हळहळ मला वाटते. युनेस्कोच्या कामासाठी १९४९ मध्ये मॅक्लारेन चीनच्या एका ग्रामीण भागात गेला आणि आरोग्यशिक्षणासाठी हाताने चित्रपट कसे करावेत हे त्याने तिथल्या चित्रकारांना शिकवले. पुढे तो भारतातही अशाच कामासाठी येऊन गेला. म्हणजे खेड्यात हे होऊ शकते, हे पाऊण शतकापूर्वीच जगाला कळले होते.

आता माझ्या जिल्ह्यातल्या एका गोष्टीवर येतो. हिंगणघाटचा कापूस एकोणिसाव्या शतकापासून नाव कमावून आहे. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने विदर्भात हाहाकार केला आणि तेव्हापासून ती ठाण मांडून आहे. बीटी वाणांना ती जुमानत नाही. तिचे सगळे सामर्थ्य न दिसण्यात आहे. पतंग पात्यांवर, फुलांवर, कोवळ्या बोंडांवर अंडी घालतो. अंड्यातून निघालेली अळी आत शिरते आणि शिरलेले छिद्र बुजून जाते. फुलात शिरली तर पाकळ्या आतून जाळ्याने बांधते. फूल उमलत नाही, त्याची डोमकळी होते. बोंड बाहेरून हिरवे, टवटवीत; आत ती सरकी खात बसलेली. शेतकऱ्याला कळते तेव्हा बोंड किडके फुटलेले असते. फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही राखलेले कपाशीचे पीक, ठेवली की तिला बिनहंगामी खुराक मिळतो आणि पुढच्या वर्षीची पिढी तयार होते. याविषयी भिंतीपत्रके लागतात, भाषणे होतात. पण बोंडाच्या आत काय चालले आहे ते कोणी शेतकऱ्याला घडताना दाखवू शकत नाही, कारण जिवंत बोंडाच्या आत कॅमेरा जात नाही.

स्टारेविचसमोर नेमकी हीच अडचण होती. त्याच्याच वाटेने आठवी-नववीच्या वर्गाने बोंडाच्या आतल्या या अळीचा चित्रपट करावा असे माझे गंभीरपणे म्हणणे आहे. कागदाच्या लगद्याचे बोंड, अर्धे उघडे. आत खरा कापूस, मातीची मोठी सरकी. तारेवर मेण चढवून केलेली अळी. चार सेंटिमीटरचे बोंड चाळीस सेंटिमीटरचे केले तर एक सेंटिमीटरची अळी दहा सेंटिमीटरची करावी लागेल. प्रमाण फळ्यावर शिकवण्यापेक्षा इथे लवकर कळेल. अळीच्या अंगाची वळणे नीट पाहिल्याशिवाय तिला चालवता येणार नाही, म्हणून शेतात जाऊन बोंडे फोडावी लागतील. सेकंदाला १२ छायाचित्रे धरली तर दोन मिनिटांच्या चित्रपटाला १,४४० लागतील, चाळीस मुलांच्या वर्गात प्रत्येकाच्या वाट्याला ३६. त्या ३६ वेळा ते मूल थांबेल आणि अळी आता काय करील याचा विचार करील. त्यासाठी शाळेत एखादा जुना स्मार्टफोन आणि त्याला न हलू देणारा लाकडी स्टँड असला तरी पुरे. समवायाचे यापेक्षा चांगले उदाहरण मला सुचत नाही.

यावर पहिला आक्षेप येईल तो संगणकाचा. अळीचे चलच्चित्र संगणक चुटकीसरशी करून देतो, आता तर नुसते सांगितले तरी तो चित्र हलवून दाखवतो, मग हा खटाटोप कशाला? माहिती पोचवणे एवढाच हेतू असेल तर आक्षेप बरोबर आहे. तयार चित्रपट जरूर वापरावेत. पण तसा चित्रपट पाहणारे मूल अळीविषयी एक गोष्ट ऐकते. करणारे मूल अळीची प्रत्येक हालचाल स्वतः ठरवते आणि चुकली तर पुन्हा करते. दोघांना पुढे शेतात बोंड दिसेल तेव्हा दोघे वेगळ्या नजरेने पाहतील. दुसरा आक्षेप वेळेचा. अभ्यासक्रम, परीक्षा, शिक्षकांवरची अशैक्षणिक कामे यांतून महिनाभर कुठून काढायचा? याला सोपे उत्तर नाही. नई तालीमही याच खडकावर आपटली होती. हस्तोद्योगाचा तास वेळापत्रकात उरला, त्यातला विचार निसटला. स्टॉप मोशनचे ‘प्रकल्प’ नावाचे कर्मकांड झाले तर तेच घडेल. म्हणून मी तो सगळ्या शाळांवर लादा असे म्हणणार नाही. ज्या शिक्षकाला कीटक, माती किंवा कॅमेरा यांपैकी एकाचा तरी मनापासून नाद आहे, त्याच्या हाती तो द्यावा आणि त्याच्यावरचे एखादे कागदी काम कमी करावे. श्रम घेतले म्हणून चित्रपट चांगला होतो असेही नाही. कंटाळवाणा बाहुलीपट मीही पाहिला आहे, आणि तो नेहमी तिथेच फसतो जिथे करणाऱ्याला आपल्या विषयाचे कुतूहल नसते.

बोंडअळीच्या बाबतीत कुतूहल उसने आणावे लागणार नाही. ज्याच्या घरची पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, किडली त्या मुलाला तिचा हिशेब माहीत आहे. वेळापत्रक मात्र पिकाचे पाळावे लागेल. फरदड ठेवायची की पऱ्हाटी उपटायची हे घराघरात डिसेंबर-जानेवारीत ठरते. चित्रपट त्याआधी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागायला हवा, म्हणजे बोंडे फोडून पाहण्याचे आणि बाहुल्या घडवण्याचे काम ऑक्टोबरातच, शेतात हिरवी बोंडे असताना, सुरू केले पाहिजे.